विश्वामित्रीचा पूर आणि घराचा विमा : बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये, ऐन गोकुळाष्टमीच्या दिवसांत, विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं आणि दोन-तीन दिवस ठाण मांडून बसलं. ते ओसरल्यावर सोसायट्यांच्या फाटकांबाहेर भिजलेल्या गाद्या, फुगलेली प्लायवूडची कपाटं, बंद पडलेले फ्रीज यांचे ढीग लागले. आयुष्यभराच्या बचतीतून जमवलेला संसार होता तो. आपल्याकडे आयुर्विमा जवळपास प्रत्येक घरात असतो, आरोग्य विमाही आता बऱ्याच जणांचा असतो. घराचा विमा मात्र फार थोड्यांचा असतो, आणि ज्यांचा असतो त्यांतल्या अनेकांनी आपली पॉलिसी कधी उघडून वाचलेली नसते. नातेवाईक, शेजारी, मंडळातली माणसं पुन्हापुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आमच्या घरात २०१९ मध्ये पाणी आलं नाही, २०२४ मध्येही नाही. मग आम्हाला विम्याची गरज काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो विचारणारी माणसंच सगळ्यात जास्त बेसावध असतात असं मला वाटतं.

मागच्या पुरात घर कोरडं राहिलं म्हणजे त्या पुराचं पाणी तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही, एवढंच. दोन पूर कधी सारखे नसतात. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस शहरावरच कोसळला. नदीपासून लांब असलेल्या, कधी पाणी न पाहिलेल्या गल्ल्याही त्या रात्री तुंबल्या. २०२४ मध्ये शहरातल्या पावसाला वरून आलेल्या पाण्याची जोड मिळाली आणि काला घोडा पुलाजवळ नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. नदीकाठच्या ज्या वस्त्या २०१९ मध्ये थोडक्यात वाचल्या होत्या, त्यांतल्या काहींना त्या वेळी फटका बसला. त्याआधी २०१४ आणि २००५ चे पूर आहेतच, आणि १९२७ च्या जुलैमधल्या पुराच्या आठवणी जुन्या बडोदेकर घरांतून आजही सांगितल्या जातात.

शिवाय मधल्या काळात तुमच्या घराभोवतीची जमीन बदललेली असते. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भराव पडला, रस्त्यावर डांबराचे थर चढत जाऊन तो तुमच्या ओट्याच्या पातळीला आला, पावसाचं पाणी वाहून नेणारी कांस बुजली किंवा तिच्यावर स्लॅब पडला, तर पूर्वी दुसरीकडे जाणारं पाणी आता तुमच्या दारात येतं. तुमचं घर तेच असतं, पाण्याची वाट मात्र बदललेली असते.

बडोद्याला पूर नेमका का येतो? आजवा सरोवराचे दरवाजे उघडले म्हणूनच ना?

आजवा हे त्यातलं एक कारण आहे. एकटं नाही.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेकडे येते, शहराच्या मधोमध वळणं घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. ढाढर खंभातच्या आखाताला जाते. शहराच्या पूर्वेला सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० च्या दशकात, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं आजवा सरोवर आहे आणि त्याच्या जोडीला प्रतापपुरा. आजव्याला ६२ दरवाजे आहेत. सरोवर ठरावीक पातळीच्या वर भरलं की जादा पाणी नदीत येतं आणि काही तासांनी शहरात पोहोचतं. म्हणूनच जोराचा पाऊस लागला की बडोदेकर दोन आकडे पाहत बसतात : आजव्याची पातळी आणि काला घोड्याची पातळी.

पण आजव्याच्या खालच्या बाजूलाही पाऊस पडतो, आणि तो अडवायला धरण नाही. सूर्या नदी, भूखी कांस आणि इतर नाले ते पाणी थेट विश्वामित्रीत आणतात. नदी आधीच भरलेली असेल तर हे नाले उलटे वाहू लागतात. त्यामुळे नदीपासून लांब असलेल्या निझामपुऱ्यातल्या किंवा छाणीकडच्या सोसायटीला वाटतं, आपल्याकडे पाणी आलं कुठून? तिसरी गोष्ट शहराच्या खालच्या अंगाला घडते. ढाढर तुडुंब असली की विश्वामित्रीचं पाणी पुढे सरकतच नाही. पाऊस थांबून, ऊन पडूनसुद्धा घरातलं पाणी दीड-दोन दिवस हलत नाही, ते यामुळे.

नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, पूर्वी पुराचं पाणी पोटात घ्यायची. त्यांतली कितीतरी राडारोड्याने भरली गेली, त्यांच्यावर बांधकामं झाली. जागा गेली म्हणून पाणी कमी होत नाही. ते बाजूच्या वस्तीत जातं.

नदी आता खोल आणि रुंद केली आहे. धोका संपला नाही का?

२०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीतला गाळ काढण्याचं आणि पात्र मोकळं करण्याचं मोठं काम झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. त्याने पाण्याचा निचरा सुधारतो. पण काही तासांत वीस इंच पाऊस पडला तर तो आधी रस्त्यांवर आणि गटारांत साचणार, नदीपर्यंत जाणार नंतर. गाळही दरवर्षी पुन्हा येतो. नदीच्या कामामुळे धोका घटला असेल तर आनंदच आहे, पण त्या भरवशावर विमा बंद करू नका.

आमच्या घराला किती धोका आहे ते कसं ओळखायचं?

यंत्र लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

आधी जोतं मोजा. समोरच्या रस्त्यापासून घराची फरशी किती उंच आहे ते पाहा. रस्ता आणि फरशी जवळजवळ एका पातळीत असतील तर नदीचा पूर सोडाच, एखादा जोरदार पाऊसही पुरेसा आहे. मग शेजारपाजारच्या भिंतींवरच्या जुन्या खुणा शोधा. २०१९ किंवा २०२४ च्या पाण्याची रेघ विजेच्या खांबावर, कंपाउंडच्या भिंतीवर किंवा मंदिराच्या पायरीवर अजून दिसते. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही. पाणी आधी कुठून येतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण माल त्यालाच उचलावा लागतो.

नंतर हे पाहा की काला घोड्याला पातळी किती फूट झाली तेव्हा तुमच्या रस्त्यावर पाणी आलं. धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांच्या आसपास धरतात, पण प्रत्येक सोसायटीचा आपला आकडा वेगळा असतो. परशुराम भठ्ठ्यात पाणी आधी येतं. समा, हरणी, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कलाली या भागांतही नदीजवळच्या गल्ल्या आणि आतल्या गल्ल्या यांच्यात फरक पडतो. आपला आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. तो आकडा जवळ आला की गाडी उंचावर न्यायची आणि सामान वर चढवायचं, हे घरातल्या लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

नवीन घर घेत असाल तर ही चौकशी बाना, म्हणजे विसार, देण्याआधी करा, आणि शक्य झालं तर ती जागा भर पावसात पाहा.

“शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर” असं म्हणतात. मग आपल्या हयातीत तो पुन्हा कशाला येईल?

त्या शब्दांनी बऱ्याच जणांची दिशाभूल होते. त्यांचा अर्थ एवढाच की असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. वीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते, तीस वर्षांत सुमारे २६ टक्के. म्हणजे चारांत एक. शिवाय हे फक्त फार मोठ्या पुराचं गणित. घरातलं सामान नासवायला गुडघाभर पाणीही पुरतं.

पूर आल्यावर सरकार मदत देतंच की.

देतं, आणि ज्यांचं सगळं गेलं त्यांना त्या मदतीने चार दिवस तग धरता येतो. ती तातडीची मदत असते. तुमचा सोफा, वायरिंग, स्वयंपाकघरातलं फर्निचर पुन्हा उभं करण्याइतकी रक्कम त्यातून मिळेल अशी अपेक्षा धरू नका. मदतीचा अर्ज जरूर करा, पंचनामा करून घ्या. विमा असला तरी तो कागद उपयोगी पडतो.

पुराचा वेगळा विमा मिळतो का?

अमेरिकेसारखी पुराच्या विम्याची वेगळी सरकारी योजना आपल्याकडे नाही. आपल्याकडे पूर हा घराच्या विम्यातच येतो. विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आली. सामान्य विमा कंपन्या ती देतात आणि तिचा मूळ मजकूर सगळीकडे तोच असतो. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणं, जमीन खचणं, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं तिच्यात आहे. अशा घटनेनंतर सात दिवसांत घरात झालेली चोरीही तिच्यात धरली आहे. पाण्यामुळे घर बंद करून नातेवाइकांकडे गेलेल्या कुटुंबाला या कलमाचा मोठा आधार असतो.

घर राहण्याजोगं नसेल तर तात्पुरत्या भाड्याच्या घराचा खर्चही पॉलिसीच्या मर्यादेत मिळतो. पॉलिसी एक ते दहा वर्षांसाठी घेता येते.

हप्ता ऐकून लोक चकित होतात. विम्याच्या दर लाखामागे तो साधारणपणे वर्षाला शंभर रुपयांच्या आत असतो. घर कुठे आहे आणि कसं बांधलेलं आहे यावर कमीजास्त होतो, पण मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जमध्ये कित्येक टेनामेंटांचा, म्हणजे छोट्या स्वतंत्र घरांचा, विमा निघतो. एवढ्या स्वस्तात मिळणारी गोष्ट माणसं घेत नाहीत याचं वाईट वाटतं.

गृहकर्ज घेताना बँकेने विमा काढला होता. तो पुरेसा नाही का?

आधी तो कशाचा आहे ते पाहा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या जिवाचा असतो. कर्ज घेणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटावं म्हणून. पुराशी त्याचा संबंध नसतो. घराचाच असला तरी तो पुष्कळदा फक्त उरलेल्या कर्जाइतका असतो, आणि त्यात सामान धरलेलं नसतं. काही पॉलिसी कर्ज फिटलं की संपतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

विमा कितीचा काढायचा? घराची बाजारातली किंमत सांगायची का?

नाही. जमीन पुरात वाहून जात नाही, त्यामुळे जमिनीची किंमत त्यात येत नाही. आज तेच घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, ती रक्कम धरायची. समजा कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ९०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये आहे, तर इमारतीचा विमा १८ लाखांचा झाला. कंपाउंडची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल हेही इमारतीतच मोजतात. ते विसरू नका, कारण पुरात कंपाउंडची भिंत सर्वांत आधी पडते.

इमारतीचा विमा घेतला की घरातल्या साध्या सामानाला त्याच्या २० टक्के इतकं संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ६० हजार झालं. एका संध्याकाळी वही घेऊन खोलीखोलीतून फिरा आणि बेरीज करा. बहुतेक घरांत आकडा याच्या वर जातो. तसं असेल तर यादी देऊन जादा रक्कम मागा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्यापर्यंत पाणी कसं येणार?

घरात येणार नाही. पण लिफ्टचं यंत्र, पाण्याच्या मोटरी, मीटरची खोली, जनरेटर आणि तुमची गाडी खाली असते. तळघरातलं पार्किंग भरलं तर अख्ख्या इमारतीचा पाणी आणि विजेचा पुरवठा अडतो आणि दुरुस्तीचा खर्च वर्गणी काढून भरावा लागतो. सोसायटीच्या नावाने सामाईक मालमत्तेचा विमा आहे का, हे पुढच्या सभेत विचारा. वार्षिक सभेत रंगाच्या कामावर तासभर बोलणाऱ्या सोसायट्यांत हा विषय निघतच नाही.

आम्ही भाडेकरू आहोत.

मग फक्त सामानाचा विमा घ्या. इमारतीची जबाबदारी घरमालकाची.

दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. तो अजून आजोबांच्या नावावर आहे. त्याचा विमा होतो का?

इमारत जुनी आहे एवढ्यावरून विमा नाकारतीलच असं नाही, पण तिचं वय, लाकडाचं काम, दुरुस्त्या हे सगळं प्रस्तावात खरंखरं लिहा. खोटी माहिती दिली तर नेमका पैसे मिळण्याच्या वेळी दावा अडकतो.

नावाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. विमा घेणाऱ्याचा त्या मालमत्तेत हितसंबंध असावा लागतो. वाडा काका, आत्या, चुलतभाऊ अशा अनेकांचा असेल तर एकाने गुपचूप पूर्ण इमारतीचा विमा काढू नये. सगळ्यांची नावं घालून काढावा, किंवा आधी वारसांची नोंद करून घ्यावी. भाऊबंदकीत ते लांबत असेल तर तोवर तुमच्या खोल्यांतल्या सामानाचा विमा तरी घ्या. त्याला कोणाची सही लागत नाही.

दागिने, देवघरातली चांदी, रोख पैसे?

दागिने आणि चांदीची भांडी मौल्यवान वस्तूंत मोडतात. त्यांचं संरक्षण वेगळं मागून, किंमत ठरवून घ्यावं लागतं. रोख रक्कम, नाणी आणि कागदपत्रं यांची भरपाई, पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर, मिळत नाही. सातबारा, दस्त, गुणपत्रिका, आजोबांची पत्रं हे पावसाळ्यापूर्वी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवा.

गाडी पाण्यात बुडाली तर?

इथे लोकांचे सर्वाधिक पैसे बुडतात, तेही अज्ञानाने. फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानाचा विमा, असेल तर काहीच मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा भाग असलेला सर्वसमावेशक विमा लागतो. पण त्यातही इंजिनचा एक पेच आहे. पाण्यात उभी असलेली गाडी कोणी सुरू केली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि इंजिन जाम झालं, तर ते पुराचं थेट नुकसान नाही, तुम्ही गाडी चालू केल्याने झालेलं आहे असं कंपनी म्हणते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाची जोड घ्यावी लागते. बडोद्यात गाडी असणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी ओसरल्यावर मुलगा “एकदा सेल्फ मारून बघतो” म्हणाला तर त्याच्या हातून किल्ली काढून घ्या. बॅटरीची वायर सोडवा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. स्कूटर आणि मोटारसायकललाही हेच लागू.

दुकान आहे. गणपतीच्या आधी माल दुपटीने भरतो.

तेव्हाच धोकाही जास्त असतो. २०२४ मध्ये पाणी आलं ते गणपतीच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे आणि तिच्यात पूर धरलेला आहे. इथे रक्कम कमी दाखवण्याची चूक महागात पडते. दुकानात १० लाखांचा माल असताना विमा ५ लाखांचा असेल आणि २ लाखांचा माल भिजला, तर हातात साधारण १ लाखच येतात. तूट १५ टक्क्यांपर्यंत असेल तर माफ असते, त्याहून जास्त नाही. म्हणून रक्कम वर्षातल्या सरासरी मालावर न ठरवता श्रावण-भाद्रपदातल्या भरलेल्या दुकानावर ठरवा. खरेदीची बिलं आणि मालाची नोंद यांची प्रत दुकानाबाहेर, निदान मोबाइलवर तरी ठेवा.

पाऊस लागला, पातळी वाढू लागली, की मग विमा काढला तर चालेल?

पॉलिसी सुरू होण्याआधी घडलेलं नुकसान मिळत नाही, आणि पूर दारात असताना कंपनी नवीन पॉलिसी द्यायला तयार होत नाही. मे महिन्यात, आंबे घरात येतात त्या दिवसांत, हे काम उरकून टाका.

पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

आधी जीव. मेन स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय ओल्या घरात पाऊल टाकू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात. २०२४ मध्ये अकोट्यात छपरावर बसलेली मगर साऱ्या देशाने पाहिली. पलंगाखाली, जिन्याखाली, बागेत काठीने चाचपून पाहा, साप-मगर दिसली तर वनविभागाला कळवा. चिखलात अनवाणी फिरू नका. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात चालल्याचं सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिस असाच होतो.

मग, झाडू हातात घेण्याआधी, फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, शेजारी मोजपट्टी धरून. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून. फ्रीज, टीव्ही, मोटर यांच्या मागचे मॉडेल नंबर. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दाव्याचा नंबर लिहून घ्या.

घर स्वच्छ करावंच लागतं, आपल्या बायकांना तो चिखल क्षणभर बघवत नाही, आणि नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारीही आहे. पण खराब झालेल्या वस्तू सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, पाहून जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका किंवा कॉर्पोरेशनच्या ट्रकमध्ये टाकू नका. ठेवणं अशक्यच असेल तर कंपनीला ईमेल करून, फोटो जोडून मग टाका. धान्य आणि औषधं मात्र ताबडतोब फेका, फक्त फोटो काढून.

सर्व्हेअरने फार कमी रक्कम लावली, किंवा दावाच नाकारला. आता?

कारण लेखी मागा. भारत गृह रक्षेत वस्तू दुरुस्त करून देणं किंवा तशीच दुसरी घेण्याचा खर्च देणं अपेक्षित आहे. घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्यामुळे घटलेली किंमत, कापला असेल तर पॉलिसीच्या कुठल्या कलमाने कापला, ते विचारा. घराच्या बाबतीत विम्याची रक्कम कमी होती म्हणून प्रमाणात कपातही करता येत नाही. बिल नाही एवढ्याच कारणावर माघार घेऊ नका. फोटो, बँकेचं स्टेटमेंट, ऑनलाइन खरेदीचा मेल हेही पुरावे आहेत.

समाधान झालं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून ते उत्तर आलं त्या दिवसाची तारीख पाकिटासकट जपून ठेवा.